लेफ्ट, लेफ्ट

लंडनजवळच्या स्टॅनमोरला मोहन ओगले आणि वॉल्टर पास्क यांच्या परसांमध्ये लाकडी कुंपण होतं. त्यातली एक फळी कुठल्याशा वादळात पडली, ती पुन्हा कुणी लावलीच नाही. त्या फटीतून मोहनच्या बायकोचे, आशाचे, खिचडीचे डबे पलीकडे जात आणि वॉल्टरचे टोमॅटो अलीकडे येत. मोहन अठ्ठ्याहत्तरचा, कौन्सिलच्या ड्रेनेज खात्यातून निवृत्त होऊन त्यालाही जमाना झालेला. पण वॉल्टर नव्याण्णवचा. त्याच्यापुढे मोहन म्हणजे पोरच.

वॉल्टरला हॉस्पिटलला नेण्या-आणण्याचं काम मोहनकडे होतं. गाडीतलं रस्ता सांगणारं सॅटनॅव्ह वॉल्टरला खपत नसे. "त्या बाईला वारा कळतो का?" असं म्हणून तो ते बंद करायला लावी, मांडीवर कागदी नकाशा पसरी आणि मोहनला 'स्किपर' म्हणे. दुसऱ्या महायुद्धात तो बॉम्बर विमानात होता, तिथं पायलटला सगळे तसंच म्हणत. सांगितलेली दिशा स्किपरनं मोठ्यानं परत म्हणायची. म्हटली नाही तर त्यानं ती ऐकलीच नाही, असं धरायचं.

पहिल्याच खेपेला वॉल्टर म्हणाला, "लेफ्ट, लेफ्ट." मोहनला वाटलं, दोनदा लेफ्ट म्हणजे पहिलं सोडून दुसरं. गाडी गेली ती थेट क्रिमेटोरियमच्या फाटकात.

"अरे, इतकी घाई नाही मला," वॉल्टर म्हणाला.

मग त्यानं समजावून सांगितलं. लँकेस्टर विमानाची चार इंजिनं घोंघावत असायची, त्यात लेफ्ट की राइट हे कळत नसे. म्हणून लेफ्ट दोनदा म्हणायचं, राइट एकदाच. वळायचं एकदाच. मोहननं हा किस्सा मंडळाच्या गणपतीत इतक्यांदा सांगितला, की आशा हात जोडायची. त्या पहिल्या खेपेला आता दहा वर्षं झाली. त्यानंतर मोहन कधी चुकला नाही.

वॉल्टर त्या विमानाचा नॅव्हिगेटर होता. सातजणांतला वाट काढून देणारा. जर्मनीतली शहरं रात्रीच्या अंधारात शोधून द्यायची, हे त्याचं काम. "मी काहीच पाहिलं नाही," तो म्हणे. "छोटं टेबल, दिवा, आणि दिव्याचा उजेड बाहेर जाऊ नये म्हणून पडदा. बाकीचे हाका मारायचे, पास्क, ये, बघ खाली काय पेटलंय. मी गेलो नाही. पण बॉम्ब टाकणारा 'लेफ्ट, लेफ्ट' म्हणायला लागला की मला कळायचं, आलो. कुणाच्या तरी छपरावर आलो. आणि सगळ्यांना तिथं आणलं कुणी, तर मी."

असं काही बोलला की तो टोमॅटोची पानं खुडायला लागायचा. "चहा घेता का?" एवढंच मोहन विचारायचा.

डेनिस ओक्सची गोष्ट मात्र वॉल्टरनं फार उशिरा सांगितली. चव्वेचाळीसच्या हिवाळ्यात वॉल्टरला सर्दी झाली. कान बंद असताना उंच गेलं तर कानाचा पडदा फाटतो, म्हणून डॉक्टरनं त्या दिवशी त्याचं उड्डाण रद्द केलं. त्याच्या जागी डेनिस गेला, दुसऱ्या तुकडीतला नवखा पोरगा. वॉल्टरनं त्याला टोक केलेल्या आपल्या पेन्सिली दिल्या. विमान परत आलं नाही. सातही जण गेले.

"सर्दी तशी फार नव्हती," वॉल्टर म्हणाला. "बाकीचे लपवायचे. मी डॉक्टरला जाऊन सांगितलं. आणि पांघरुणात शिरल्यावर मला बरं वाटलं, मोहन. मस्त ऊब आली."

लिंकनशरमधल्या त्या जुन्या हवाई तळावर दरवर्षी गेलेल्यांसाठी प्रार्थना होते. वॉल्टर कधी गेला नव्हता. यंदा तिथल्या लोकांचा फोन आला, की डेनिसची धाकटी बहीण मॉरीन येणार आहे. भाऊ गेला तेव्हा ती आठ वर्षांची होती. आपला भाऊ ज्याच्या खुर्चीत बसला, त्या माणसाला तिला एकदा भेटायचंय. वॉल्टर बरेच दिवस कुंपणाकडे फिरकलाच नाही. मग एका सकाळी फटीत येऊन उभा राहिला.

"स्किपर, नेशील?"

"नेतो की," मोहन म्हणाला.

त्या 'नेतो की'मध्ये मोहननं बरंच काही गिळलं होतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तो मोटारवेवर, म्हणजे भरधाव गाड्यांच्या महामार्गावर, गेला नव्हता. नजरेत दोष उरला नव्हता, पण शेजारून लॉरी गेली की तळहाताला घाम फुटायचा. हे फक्त आशाला ठाऊक होतं.

"अहो, संजयला सांगा ना. क्रॉयडनहून यायला त्याला असा काय वेळ लागतोय?"

संजयनंही फोनवर तेच म्हटलं. "बाबा, मी ड्राइव्ह करतो. इट्स नो बिग डील."

"मी काय म्हातारा झालोय?" मोहन उखडला.

"छे हो," आशा म्हणाली. "वॉल्टरपेक्षा चांगले लहान आहात."

ठरल्या दिवशी वॉल्टर दाढी करून, टाय लावून तयार होता. गाडीत त्यानं मांडीवर नकाशा पसरला. मोटारवेच्या तोंडाशी राउंडअबाउट, म्हणजे चारी दिशांना फाटे फुटणारा गोल चौक, आला, तेव्हा म्हणाला, "लेफ्ट, लेफ्ट, स्किपर."

"लेफ्ट, लेफ्ट," मोहननं परत म्हटलं.

पहिल्याच फाट्यावरून लॉऱ्या एकामागून एक मोटारवेवर चढत होत्या. मोहनचे हात स्टिअरिंगवर निसटायला लागले. फाटा जवळ आला आणि मागे पडला. गाडी दुसऱ्या फाट्याला वळली.

"दोन लेफ्ट म्हणालात ना?" मोहन म्हणाला.

वॉल्टरनं नकाशाकडे पाहिलं. मग म्हणाला, "माझीच चूक. नीट सांगायला हवं होतं. असू दे, जुन्या रस्त्यानं जाऊ."

जुन्या रस्त्यावर कामं चालली होती, वळणं होती, पुढे ट्रॅक्टर होते. पोचले तेव्हा खुर्च्या एकात एक रचून झाल्या होत्या. चहाची भांडी विसळणाऱ्या बाई म्हणाल्या, "मॉरीन ना? आत्ताच गेली घरी, ग्रिम्सबीच्या कोचनं. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, तरी फाटकाकडेच बघत उभी होती बिचारी."

"वाट चुकली," वॉल्टर त्यांना म्हणाला. "नॅव्हिगेटरची चूक."

मोहन गाडीचं दार धरून उभा होता. तोंड उघडायची हीच वेळ होती. त्यानं दार लावून घेतलं.

त्यानंतर डबा घेऊन आशाच जाऊ लागली. "अहो, भांडलात की काय त्या म्हाताऱ्याशी?" तिनं विचारलं. भांडलो असतो तर बरं झालं असतं, असं मोहनला वाटलं. आयुष्यभर एक ओझं वाहिलेल्या माणसाच्या डोक्यावर आपण दुसरं ठेवलं, आणि त्यानं ते मुकाट्यानं घेतलंही. शेवटी एका दुपारी तो फटीतून पलीकडे गेला. वॉल्टर रोपांना काठ्या बांधत होता.

"वॉल्टर, त्या दिवशी मला बरोबर कळलं होतं."

"माहीत आहे."

"मी लॉऱ्यांना घाबरलो. आणि वर खोटं बोललो."

"दहा वर्षांत ती चूक तू एकदाही केली नाहीस, स्किपर. त्याच दिवशी कशी होईल?" वॉल्टरनं गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. "पण नकाशा माझ्या मांडीवर होता. पुढच्या राउंडअबाउटवरून तुला परत फिरवता आलं असतं. मी गप्प बसलो. म्हटलं, आता काही तिच्यासमोर उभं राहावं लागत नाही. आणि मोहन, मला पुन्हा तशीच ऊब आली."

कबूल केलं की माणूस हलका होतो म्हणतात. मोहनला काही हलकं वाटलं नाही. तिकडे ग्रिम्सबीला बसलेल्या बाईला या दोन म्हाताऱ्यांच्या भीतीशी काय देणंघेणं? त्यानं तिथेच, वॉल्टरसमोर, खिशातून फोन काढला.

"संजय, मला मोटारवेवर आता जमत नाही रे. भीती वाटते. वॉल्टरना ग्रिम्सबीला न्यायचंय. तू नेशील?"

"ओके बाबा. सॅटर्डेला?"

मोहननं वॉल्टरकडे पाहिलं. वॉल्टर काठी हातात धरून उभा होता. ती मातीत रोवून त्यानं होकारार्थी मान हलवली.

शनिवारी संजय गाडी चालवत होता, शेजारी नकाशा घेऊन वॉल्टर. मोहन मागे, मांडीवर मॉरीनसाठी आशानं दिलेला लाडवांचा डबा. राउंडअबाउट आला.

"लेफ्ट, लेफ्ट," वॉल्टर म्हणाला.

"दोन लेफ्ट? म्हणजे सेकंड एक्झिट?" संजयनं विचारलं.

वॉल्टरनं नकाशातून मान वर केली नाही. मोहन दोन सीटांच्या मधून पुढे वाकला.

"एकच. पहिलंच. घे."

"शुअर, बाबा?"

"लेफ्ट, लेफ्ट," मोहन मोठ्यानं म्हणाला, ऐकलेली दिशा परत म्हणायची असते तसं. गाडी लॉऱ्यांच्या रांगेत शिरली. मोहनचे तळहात डब्यावर ओले झाले होते. वॉल्टरनं नकाशाची घडी घातली आणि मान वर करून समोरच्या काचेतून बाहेर पाहिलं.