दुपारच्या गाणाऱ्यांविषयी आक्काला सांगितलं ते

संगीत महोत्सवाची पत्रिका भाचेसुनेनं आणून दिली तेव्हा मी मेसमध्ये पोळ्या लाटत होते. हात पुसून घेतली. वर मुंबई-पुण्याच्या गायकांचे मोठे फोटो, रात्रीच्या कार्यक्रमाचे. खाली दुपारच्या गाणाऱ्यांची नावं बारीक अक्षरांत, फोटो कुणाचाच नाही. मी चौथीपर्यंतच शिकले, बोट ठेवून वाचत गेले. शेवटून दुसऱ्या ओळीत होतं, ‘फुलंब्री तालुक्यातील महिलांची हळदीची गाणी’.

“मावशी, ते आम्ही हाय,” ती म्हणाली आणि खाली बघायला लागली. त्या ओळीत खरं तर आक्का असायला पाहिजे होती, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

आक्का माझी थोरली बहीण, हिची सासू. आमच्याकडं हळदीला एक बाई पुढं म्हणते आणि बाकीच्या मागं झील धरतात. पुढं म्हणणारीला नुसता गळा असून भागत नाही. हळद लागायच्या आधी ती घरात फिरून विचारून घेते, नवरीची आई कोण, मामा कोण, आत्या किती, मावशा किती. मग ती नावं गाण्यात जागच्या जागी बसवते. एखादं नाव राहिलं तर माणसं वर्षानुवर्षं रुसून बसतात. आक्कानं इतकी वर्षं पुढं म्हटलं, पण तिच्याकडून एक नाव राहिलं नाही की चुकलं नाही.

गेल्या वर्षी तिच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. मानेला भोक, त्यावर पांढरं फडकं. घरी आली तेव्हा पहिले दोन महिने ती भिंतीकडं तोंड करून पडायची. मग एक दिवस तिनं सुनेला समोर बसवलं, मधे परात पालथी घातली आणि बोटांनी ठेका धरला. सुनेनं ऐकून ऐकून जे पाठ झालं होतं ते म्हणायचं. चुकलं की परातीवर दोन टिचक्या. सूर वर न्यायचा तर हात वर, खाली न्यायचा तर खाली. रोज दुपारी, भांडी घासून झाली की, दोघी बसायच्या. असं एकेक गाणं तिच्या हातातून सुनेच्या गळ्यात चाललं होतं. अजून कितीतरी राहिली होती.

मी चार माणसांत बोलणारी नाही. लग्नात कोपऱ्यात बसते, कुणी विचारलं तर मान हलवते. पण आक्काजवळ माझं तोंड सुटायचं. हळदीहून परत येताना जीपमध्ये ती मला हळूच विचारायची, “आज कुठं हललं माझं?” आणि मी सांगायचे, अमक्या ओळीला दम कमी पडला, तमक्या ठिकाणी घाई केलीस. दुसऱ्या कुणी वाहवा केली तर ती हसून सोडून द्यायची. म्हणायची, “बये, तुला कान हायेत, तोंड नाय. मला तोंड हाय. दोघी मिळून कुठं एक बाई होते बघ.”

महोत्सवाच्या आधी मी फुलंब्रीला गेले तेव्हा आक्कानं माझा कान धरून हलवला, माझ्या पिशवीतल्या हिशेबाच्या वहीकडं बोट केलं आणि मग बाहेर रस्त्याकडं. सगळं ऐक, लिही, येऊन सांग. तिला स्वतःला धुळीत आणि गर्दीत न्यायला डॉक्टरांनी मनाई केली होती.

मैदान पडेगावच्या बाजूला होतं. मेसमधून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली, क्रांती चौकातून रिक्षा केली आणि जेवणवेळेलाच जाऊन बसले. मांडवात खुर्च्या पुष्कळ, माणसं थोडी. जी होती त्यातली निम्मी भेळेच्या गाडीपाशी. वहीत त्या दिवशी लिहिलेलं अजून आहे, तेच उतरवते.

पहिली कॉलेजची चार पोरं, गिटारवाली. गाण्यापेक्षा वायरी जोडण्यात वेळ जास्त गेला. गाणारा डोळे मिटून ओरडत होता, ज्याला काही दुखत नाही त्यानं दुखतंय म्हणून कण्हावं तसं. ड्रमवाला मात्र कामाचा. तिघं चुकले तेव्हा त्यानंच सावरलं आणि कुणाला कळूही दिलं नाही.

मग एक रिटायर झालेले मास्तर, गझल म्हणणारे. प्रत्येक ओळीच्या आधी तिचा अर्थ सांगायचे. समजावून सांगितलेलं गाणं उष्ट्यासारखं लागतं. आवाज गोड होता, पण त्यांचा स्वतःच्या आवाजावर विश्वास नव्हता.

मग जुन्या शहरातले दोघे भाऊ, कव्वालीवाले. गळा धाकट्याला आणि घाई थोरल्याला. धाकट्यानं तान उचलली की थोरला हात आडवा करून आपणच सुरू व्हायचा. शेवटी मागून कुणीतरी ओरडलं, “अरे बड़े मियाँ, छोटे कू बी गाने देव ना!” सगळे हसले. थोरलाही हसला, पण हात काही खाली घेतला नाही.

मग एकटा माणूस, लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरनेट वाजवणारा. बँडचाच लाल कोट घालून आला होता. मागं ढोल नाही, ताशा नाही. असा माणूस वरातीत आपल्यासमोरून शंभरदा गेला असेल आणि आपण एकदाही ऐकला नसेल. फार हळू वाजवलं. मला त्या दिवशी सगळ्यांत तोच आवडला. त्याला टाळ्या पडल्या नाहीत. मीही वाजवल्या नाहीत, लाज वाटली. त्याचं वाईट वाटतं.

त्याच्यानंतर आमच्या बायका. सहा जणी, एकसारख्या हिरव्या साड्यांत. स्टेजच्या मागं त्यांची कुजबुज चालली होती ती मला कनातीतून ऐकू येत होती. इथं ना नवरी, ना घर. मग नावं कुणाची घालायची? झील धरणाऱ्यांतली एक म्हातारी म्हणाली, “पुढं पाहुणे बसलेत, त्यांचीच घाल. खूश व्हतील.”

भाचेसून म्हणाली, “त्यांच्या घरी कुठं हळद हाय काकू?”

“मग काय बिननावाचं म्हणतीस? बिननावाची हळद असती व्हय गं?”

पुढचं ऐकू आलं नाही, माइकवर त्यांचं नाव पुकारलं.

भाचेसुनेचा पहिला सूर थरथरला. दुसऱ्या ओळीत नवरीच्या आईच्या नावाची जागा येते. तिथं ती किंचित थांबली आणि आक्काचं नाव घेतलं. मामाच्या जागी आमच्या वारलेल्या भावाचं. मावशीच्या जागी माझं. भर मैदानात माइकवरून माझं नाव. मी पदर तोंडावर ओढला. त्या रिकाम्या खुर्च्यांमध्ये तिनं आमचंच घर उभं केलं होतं. आवाज आक्काचा नव्हता, बारीक होता, तीन ठिकाणी हललाही. पण नावाच्या आधीचं ते थांबणं हुबेहूब आक्काचं. भेळ खाणाऱ्या बायका हातात द्रोण धरून स्टेजजवळ आल्या. मी वहीत लिहिलं: चांगलं झालं. आक्काच्या निम्म्यानं झालं, आणि निम्मं म्हणजे लई.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी फुलंब्रीला गेले. सून शेतात गेली होती. आक्का उशीला टेकून बसली होती. माझ्या आधीच शेजारणी येऊन सुनेचं कौतुक करून गेल्या होत्या. कुणाच्या तरी मोबाइलवरचा व्हिडिओही तिनं पाहिला होता, पण त्यात कर्णा इतका फाटत होता की खरखर आणि माणसांच्या गप्पाच ऐकू यायच्या. गाणं नाहीच. आक्का माझीच वाट बघत होती.

मी वहीतलं वाचून दाखवलं. वायरीवाली पोरं ऐकून तिचे खांदे हलले, ते तिचं हसणं. बड़े मियाँची नक्कल केली तर तिनं परात वाजवली. क्लॅरनेटवाल्याचं ऐकताना तिची बोटं परातीवर थांबली. मग मी पान उलटलं आणि तिनं माझं मनगट धरलं. दुसरा हात तिनं मानेवरच्या फडक्यावर ठेवला आणि माझ्या डोळ्यांत बघत राहिली.

मला वाटलं, ती विचारतेय, माझ्यासारखं कुणी म्हणेल का गं? मला वाटलं, गेलेल्या आवाजाचं दुःख आहे. त्यावर दुसरीच्या आवाजाची वाहवा कशी करायची? जिचा गळा गेला तिच्यासमोर चांगल्या गळ्याचं बोलू नये, एवढंच मनात आलं. वहीतलं वाचलंच नाही. वही मिटून म्हणाले, “नाय जमलं तिला, आक्का. तुझी सर नाय यायची कुणाला.”

नावांचंही सांगितलं नाही. ते सांगितलं असतं तर चांगलं झालं होतं हे बाहेर पडलं असतं.

तिनं माझं मनगट सोडलं. डोळ्यांत पाणी आलं नाही. नुसती मान हलवली, हळू, दोनदा, जसं एखाद्या कामाचं होणार नाही असं कळल्यावर हलवतात. मग परात उचलून तिनं भिंतीला उभी केली.

त्यानंतर तिनं ती पुन्हा मधे घातली नाही. सून आठ-दहा दिवस भांडी घासून समोर येऊन बसायची, वाट बघायची. आक्का कुशीवर वळायची. सुनेनं मला फोन केला, “मावशी, आत्याबाई शिकवंनात हो. माझं काय चुकलं का तिथं?” मी म्हणाले, “तब्येत बरी नसेल.” फोन ठेवल्यावर पोळी तव्यावर जळेपर्यंत मी तशीच उभी होते. तेव्हा मला कळलं की आक्कानं काय विचारलं होतं. मानेवर हात ठेवून तिनं विचारलं होतं, हे सुनेच्या गळ्यात उतरलं का?

पुढच्या रविवारी पहिल्या गाडीनं गेले. सगळं सांगितलं. वही काढून वाचून दाखवली, निम्मं म्हणजे लई, इथपर्यंत. नावांचं सांगितलं, आईच्या जागी तुझं, मामाच्या जागी दादाचं, मावशीच्या जागी माझं. बोलता बोलता मला हुंदका आला. आक्का ऐकत होती. मग तिनं माझ्या गालावरून हात फिरवला, लहानपणी चौथीनंतर शाळा बंद झाली म्हणून मी रडायचे तेव्हा फिरवायची तसा, आणि हसली. तिला वाटलं, मी आता तिचं मन राखतेय. अक्षर तिला वाचता येत नव्हतं. वहीत काय लिहिलंय हे मी सांगेन तेवढंच. जन्मभर तिनं माझ्या एका शब्दावर भरवसा ठेवला होता, आणि पहिल्या दिवशीच्याच शब्दावर ठेवला.

थंडी सुरू व्हायच्या आत ती गेली.

दिवस-पाणी झाल्यावर सून आणि मी ओसरीवर वाती वळत बसलो होतो. झील धरणाऱ्या त्याच म्हातारीनं निरोप धाडला होता, पुढच्या महिन्यात गावात लग्न आहे, पुढं म्हणायला ये. सून म्हणाली, “मी नाय जायची मावशी. आत्याबाईंना नव्हतं आवडलं माझं. त्यांनी तोंडानं सांगितलं नाय, पण मला कळलं.”

मग मी तिला सांगितलं. काय म्हणाले होते, का म्हणाले होते, सगळं. माझा आवाज फार बारीक निघत होता, तिला दोनदा विचारावं लागलं.

ती वाती वळत राहिली. मग म्हणाली, “माझं चांगलं झालं का वंगाळ, ते जाऊ द्या. पण त्यांचं नाव घातलं होतं, ते तरी कानावर घातलं का?”

“घातलं.”

“कवा?”

“दुसऱ्यांदा गेले तवा.”

“पहिल्यांदा नाय?”

“नाय.”

तिनं मांडीवरच्या वाती गोळा केल्या, डब्यात भरल्या आणि डबा घेऊन आत गेली. थोड्या वेळानं तिनं माझ्यासाठी चहा आणला. कप माझ्या हातात दिला नाही, शेजारी ठेवला.

लग्न झालं. ती गेली नाही. राहिलेली गाणी कोणती होती, हे आता सांगायला कुणी नाही. मला काहींच्या पहिल्या ओळी आठवतात, काहींचे नुसते ठेके. ते मी या वहीत उतरवून ठेवते आहे. चाल मात्र लिहिता येत नाही.