मुद्दाम ठेवलेला बिघाड

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. वडिलांच्या कॉम्प्युटरमधला बिघाड मी मुद्दाम तसाच ठेवलाय.

नेटची कंपनी बदलली, पण साइटच्या नावावरून तिचा नंबर शोधून देणाऱ्या डीएनएसच्या सेटिंगमध्ये जुन्या कंपनीचाच पत्ता राहिला. त्यामुळे अधूनमधून एकही साइट उघडत नाही. मला ते लगेच दिसलं होतं, चुटकीसरशी बदलताही आलं असतं. पण वडील चाकणच्या कारखान्यात मेंटेनन्सला होते. मशीन बंद पडल्याशिवाय कुणाला बोलवायचं नाही, ही त्यांची जन्माची सवय. आई गेल्यावरही नुसतं बोलायला म्हणून त्यांनी मला कधी फोन केला नाही. नेट बंद पडलं की मात्र करतात.

“साहेब, तुमचं नेट परत झोपलं. हिंजवडीत बसून जगाचं नेट चालवता, बापाचं डबडं चालवता येत न्हाई व्हय?”

“येतो रविवारी.”

“ये. भरीत करतो.”

मी जातो, उगाच खटपट करत राहतो आणि तात्पुरतं चालू करून देतो. तोवर ते शेजारी खुर्ची ओढून बसतात आणि आईबद्दल बोलतात. एरवी तिचं नावही काढत नाहीत. त्यासाठी मी त्यांच्या नेटवर पेपर वाचायच्या कितीतरी सकाळी वाया घालवल्या.

ती सेटिंग दुरुस्त करून, काहीच बिघडलेलं नसताना त्यांच्यापाशी जाऊन बसणं माझ्याकडून अजून राहिलंय.