लाटेवरचा आवाज

परवा जेटीवर डिझेलचा वास आला आणि मी चाळीस वर्षं मागे, तिथल्याच वायरलेसच्या खोलीत पोचलो. वारा सुटला होता आणि बाबा समुद्रात. होडी लाटेवर चढली की त्यांचा आवाज येई, खाली गेली की नुसती खरखर. मी शहाणा, बटणं पिळत बसलो.

"हात काढ मेल्या! त्यांना लाटेवर येऊ दे," आई ओरडली.

बाबा एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होते. आई दर लाटेला एकेक शब्द वेचत होती. शेवटी डोळे पुसत म्हणाली, "आसऱ्याला जयगडच्या खाडीत शिरतायत. उद्या येतील."

आता माझा मुलगा जहाजावरून फोन करतो. आवाज लख्ख! "बरा आहे" म्हणतो आणि ठेवतो. आवाज तुटक आला असता, तर तेच तेच सांगत थोडा जास्त बोलला असता.