छप्पर असलेली वसई

मार्सेलिना डाबरेला ‘नाही’ म्हणता येत नाही, हे बहरीनच्या गुदैबिया भागातल्या सगळ्या वसईकरांना ठाऊक होतं. हॉस्पिटलात फायली सांभाळणारी, बिनलग्नाची, भावंडांचे संसार उभे करता करता साठीला टेकलेली बाई. दरवर्षी ती सुट्टीवर निघाली की दाराशी रांग लागायची. कुणाची दूध पावडर, कुणाचा खजूर, कुणाच्या आईचे गुडघ्याचे पट्टे. स्वतःचे चार कपडे कोपऱ्यात कोंबायचे आणि खोक्याला दोरी आवळायची. विमानतळावरची पोरगी विचारायची, “कोणी काही न्यायला दिलंय का?” मार्सेलिना पापणीही न हलवता सांगायची, “नो.” कन्फेशनला गेल्यावर हे पाप तिला कधीच आठवलं नाही!

यंदा मात्र बाईनं कुणाला न सांगता लिस्बनचं तिकीट काढलं. व्हिसाही लागला. ठाऊक होतं फक्त जॅकलीनला, तिच्याच खोलीत राहणाऱ्या, हॉटेलात काम करणाऱ्या पोरीला.

“पॅरिस सोडून लिस्बन? काय ठेवलंय तिथं?” जॅकलीननं विचारलं.

“सेंट अँथनी तिथला. जन्म तिथला त्याचा. आयुष्यभर माझ्या हरवलेल्या किल्ल्या, चष्मे शोधून दिले त्यानं. एकदा त्याच्या घरी जायला नको? आणि जूनमध्ये त्याच्या सणाला लोक रस्त्यावर मासे भाजतात म्हणे. आपल्यासारखेच.” मग जरा थांबून म्हणाली, “लहानपणी वसईच्या किल्ल्यात खेळायचो ना, तिथल्या बहुतेक चर्चना छप्परच नाही. ज्या पोर्तुगीजांनी ती बांधली, ते गेले निघून. त्यांच्या गावात ती कशी दिसतात ते बघायचंय. मला छप्पर असलेली वसई बघायचीय.”

“तिथंही एक बिनछपराचं आहे, मी फोटो पाहिलाय.”

“असू दे गं एक! बाकीची तर धड आहेत ना?”

इथवर सगळं ठीक होतं. पण चर्चबाहेर कुणीतरी विचारलं, “आंटी, यंदा जूनमध्ये ना? गावी?” आणि हिच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, “हो, मग कुठं!” गल्फमधल्या माणसाची सुट्टी म्हणजे गाव, दुसरं उत्तर जिभेला माहीतच नाही. झालं! संध्याकाळपासून पिशव्या यायला लागल्या.

सगळ्यात शेवटी आला एलरॉय. तुबलीच्या गॅरेजमध्ये मेकॅनिक, नखांत कायमचं ग्रीस. गावी त्याला पोरगी झाली होती. त्यानं तिला अजून फोनवरच पाहिलेलं. रजा मिळत नव्हती. बाब अल बहरीनच्या बाजारातून घेतलेला पांढराशुभ्र झगा त्यानं दोन बोटांनी, कागदात धरून तिच्यापुढे ठेवला.

“बाप्तिस्म्याचा आहे. आणि आंटी, तुम्ही जाताच आहात, तर तुम्हीच गॉडमदर व्हा. फादरना सांगितलंय मी.”

जन्मात तिला कुणी गॉडमदर केलं नव्हतं. त्या आनंदात खरं सांगायचं राहूनच गेलं.

त्यानंतर बाईच्या जिवाला थारा राहिला नाही. बसली की उठायची, उठली की कपाट उघडायची, झग्याची लेस चाचपून पुन्हा बंद करायची. भात करपला. हॉस्पिटलात एकाची फाईल दुसऱ्याच्या कप्प्यात गेली. तिकीट रद्द करायला फोन हातात घ्यायची, नि ठेवून द्यायची. पुढच्या वर्षी जाऊ? पुढच्या वर्षी नोकरी संपणार, मग कुठली रजा आणि कुठलं लिस्बन!

“एक तर तिकीट बदल, नाहीतर तोंड उघड,” जॅकलीन वैतागून म्हणाली. “यल्ला, आटप लवकर! माझं डोकं फिरायची वेळ आलीय.”

झगा उराशी धरून मार्सेलिना भर उन्हात तुबलीला गेली. एलरॉय गाडीखालून बाहेर आला.

“मी गावी जात नाहीये रे. लिस्बनला चाललेय. फिरायला.”

“फिरायला?” तो बघतच राहिला. “आमच्या पोरीपेक्षा फिरणं मोठं?”

“मोठं नाही रे. पण माझं आहे. आजवर माझं म्हणून काही केलंच नाही मी.” तिला रडू फुटलं. “खोटं बोलले, ती चूक माझी. झगा दुसऱ्याबरोबर पाठव. गॉडमदरही दुसरी बघ.”

त्यानं हात पुसून झगा घेतला आणि पाठ वळवली. दोन दिवसांत बाकीचेही आपापल्या पिशव्या घेऊन गेले. कुणी हसून, कुणी टोमणा मारून: “मोठी माणसं झाली बाबा!” खोली रिकामी झाली आणि मार्सेलिनाला ती खायला उठली.

निघायच्या दिवशी एलरॉयचा फोन आला. आवाज अजून घुश्शातलाच.

“फादर म्हणाले, तुमच्या जागी माझी आई उभी राहिली तरी चालतं. नाव तुमचंच लागेल. तिकडे पोरीच्या नावाची मेणबत्ती लावा.” नि लगेच ठेवून दिला.

विमानतळावर तिच्याकडे एकच छोटी बॅग. हात मात्र पुन्हा पुन्हा दोरीचं खोकं शोधत होता. काउंटरवरच्या पोरीनं नेहमीचंच विचारलं, “कोणी काही न्यायला दिलंय का?”

इतकी वर्षं धडधडीत खोटं बोलणारी बाई यंदा खरं बोलताना अडखळली. पोरगी संशयानं बघायला लागली.

“नो,” मार्सेलिना शेवटी म्हणाली, आणि डोळे पुसत पुसत हसली. “सगळं माझंच आहे.”