तीन तासांच्या देशाची नोट

मंडळी, आज नोएडात माझी शंभराची नोट कुणी घेईना!

तुम्हाला माझा छंद माहीत आहेच. ज्यांना बाकीचं जग देश मानतच नाही, अशा देशांच्या नोटा आणि नाणी मी जमवतो. ट्रान्सनिस्ट्रियाची प्लॅस्टिकची नाणीसुद्धा आहेत माझ्याकडे. बायको म्हणते, "हा तुझा खोट्या पैशांचा संसार."

आज आमच्या सेक्टरच्या मराठी मंडळाचा आनंदमेळा होता. थालीपिठाच्या स्टॉलवर नोट पुढे केली, तर कुलकर्णी काकू म्हणाल्या, "इथे रोख चालत नाही हं. कूपन आणा."

आणलं. पिवळा कागद, त्यावर क्रमांक, मंडळाचा शिक्का आणि खजिनदारांची सही. माझ्या अल्बममधल्या नोटांवर याहून वेगळं काय असतं? मी कूपन परत खिशात घातलं.

"अहो, शेवटचं थालीपीठ उरलंय," काकू म्हणाल्या.

"राहू दे काकू. हे संग्रहात ठेवतो."

बायकोने कपाळाला हात लावला. मग स्वतःच्या कूपनवर ते थालीपीठ घेतलं आणि मला घासही दिला नाही.

अल्बममध्ये प्रत्येक नोटेखाली मी देशाचं नाव लिहितो. इथे काय लिहायचं, याचा विचार करत बाहेर पडलो. आत तीन तास "बाबा, बाबा" करत मागे फिरणारी माझी लेक गेटबाहेर पाऊल टाकताच म्हणाली, "पापा, कॅब बुला लो ना."

त्या देशाची सीमा कुठे होती, ते तेव्हा कळलं.

नावाची जागा अजून रिकामीच आहे. तुम्ही काय लिहिलं असतं?