एकही फ्रेम परत आली नाही

गुण्याकाकांना खरं नाव होतं, पण ते दुकानाच्या पाटीवरसुद्धा नव्हतं. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं सुतारांचं साधन. काकांचा छोटा गुण्या शर्टाच्या खिशात पेनासारखा कायम खोचलेला असायचा. कुणाकडे गेले की पाण्याचा पेला हातात घेण्याआधी भिंतीवरची तसबीर सरळ करणार. पहिल्यांदा सासुरवाडीला गेले तेव्हा तिथल्या कपाटाला गुण्या लावून "कोन दोन सूत बाहेर गेलाय" म्हणून मोकळे झाले. कपाट सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने केलेलं. काकू हा किस्सा सांगताना अजूनही हसतात, पण त्या दिवशी जेवणं कशी झाली हे काही सांगत नाहीत.

एकतीस वर्षं काकांनी लोकांच्या तसबिरी मढवल्या. दुकान म्हणजे दहा बाय बाराची खोली, पुढे काउंटर, मागे टेबल आणि पायाने दाबायचा कटर. फ्रेमच्या लाकडाची नवी पट्टी आली की काका तिला लगेच हात लावायचे नाहीत. लांबच्या लांब पट्ट्या भिंतीला उभ्या करून पंधरा दिवस तशाच ठेवायचे. गिऱ्हाईक घाई करायला लागलं की म्हणायचे, तिला आधी दुकानाची सवय होऊ दे, मग बघू. लोक कुरकुर करत जायचे आणि पंधरा दिवसांनी मुकाट्याने परत यायचे, कारण काकांच्या फ्रेमच्या कोपऱ्यात नखसुद्धा शिरत नसे.

मग तीन वर्षांपूर्वी उजवा हात थरथरायला लागला. आधी ते चहाच्या बशीला कळलं, मग काकूंना, आणि काकांनी मान्य तर केलंच नाही. म्हणाले, पातं बोथट झालंय. दोन पाती बदलली. तिसऱ्याने अंगठ्याचं टोक नेलं. त्या दिवसापासून कटरवर जुनी चादर पडली आणि काका कापलेली पट्टी मागवायला लागले. आपण मापं कळवायची, पुरवठादार पंचेचाळीस अंशात कापलेले चार तुकडे चिकटपट्टीत बांधून पाठवणार, आपण फक्त जोडायचे. गोंद लावून पट्टा आवळायला नेम लागत नाही, जोर लागतो. तो काकांकडे होता.

आता त्या मालाचं काय सांगावं? मेलं एकेक गाठोडं म्हणजे छळ होता. समोरासमोरचे दोन तुकडे सारखे असावेत एवढी साधी गोष्ट, तर एक कमी, एक जास्त. तीन कोपरे मिटले की चौथा आ वासून बसायचा. सोनेरी कड कापतानाच टवका उडून गेलेली. कधी दोन तुकडे एका तपकिरी रंगाचे तर दोन भलत्याच. काका फोन करायचे. पलीकडचा माणूस मधाळ बोलायचा. एकदा मशीन बिघडलेलं, एकदा कारागीर नवा, एकदा गाडीत आपटलं. एकदा तर म्हणाला, काका, लाकूड जिवंत असतं हो, थोडं इकडेतिकडे होणारच. जिवंत कसलं डोंबलाचं! मेलेलं असतं म्हणून तर कापून देतोस ना बाबा.

दहांतले सहा संच काका परत पाठवायचे. उरलेले चार पंधरा दिवस भिंतीला ठेवून, मग त्यांचे कोपरे घासून, गुण्या लावून, पुन्हा घासून जमवायचे. एका फ्रेमला तीन दिवस जायचे. घरी येऊन जेवायला बसले की डाव्या हाताने चमचा धरायचे आणि काकू दुसरीकडे बघायच्या.

त्यांची लेक दर रविवारी यायची, आणि दर रविवारी विषय एकच. बाबा, आता पुरे करा. शेवटी एकदा काका तडकले. म्हणाले, "माझी एक फ्रेम आजवर परत आलेली नाही. ज्या दिवशी येईल, त्या दिवशी शटर खाली. तोवर हा विषय काढायचा नाही." विषय तिथेच मिटला असता, पण काकांनी ही गोष्ट काउंटरवर येणाऱ्या प्रत्येकाला अभिमानाने सांगितली. शब्द द्यावा माणसाने, पण तो असा गल्लीभर वाटत सुटू नये. त्यांना दुकान पैशासाठी नको होतं. दुकान गेलं की घरात उरणार थरथरणारा हात आणि तो घेऊन बसलेला माणूस, एवढंच त्यांना दिसत होतं, आणि त्याची त्यांना मनापासून भीती वाटत होती.

आणि मग उन्हाळ्याच्या तोंडावर एक लॉट असा आला, की काका खुर्चीवरून उठून उभे राहिले. बारा संच. एकूण एक बरोबर. काप असा स्वच्छ की कोपरा नुसता टेकवला तरी सांधा दिसेना. हाताला जड लागत होती पट्टी. काकांना वाटलं, वा, चांगलं घट्ट लाकूड आहे. त्यांनी पुरवठादाराला स्वतःहून फोन करून शाबासकी दिली. तो बिचारा गोंधळला, काकांच्या तोंडून चांगलं ऐकायची सवय कुठे होती त्याला? चार दिवसांत बारा फ्रेम जोडून झाल्या. काकू म्हणत होत्या की थोडे दिवस ठेवा. काका म्हणाले, इतकी नेमकी कापलेली पट्टी ठेवून काय करायचंय? खरं म्हणजे तीन वर्षांनी पहिल्यांदा त्यांना आपला हात पुन्हा आपला वाटत होता, आणि पंधरा दिवस थांबायला धीर नव्हता. त्या उन्हाळ्यात ते दुकानात गुणगुणायचे. बारापैकी बारा फ्रेम गेल्या. एकही परत आली नाही.

पावसाळा सरला आणि नर्सबाईंचा गुडघा सुजला. नर्सबाई दोन गल्ल्या सोडून राहायच्या, हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या, आणि महिन्यातून एकदा दुकानात येऊन काकांचं बीपी बघून जायच्या. या वेळी काकाच त्यांच्याकडे गेले. नर्सबाईंनी त्यांना खुर्चीत बसवलं, दंडाला पट्टा गुंडाळला आणि हवा भरायला सुरुवात केली. काकांचं लक्ष समोरच्या भिंतीवर गेलं.

नर्सबाईंच्या आईने भरतकाम केलेला पोपट होता तो. आईची तेवढीच एक वस्तू त्यांच्याकडे उरली होती, आणि त्याच उन्हाळ्यात त्यांनी तो काकांकडून मढवून घेतला होता. फ्रेमचे चारही कोपरे आतून उघडले होते. एका फटीत कागदाची घडी घालून ती बुजवली होती, आणि कागदावर तपकिरी रंग लावला होता.

"अहो, बीपी एवढं कसं वाढलं?" नर्सबाई म्हणाल्या. मग त्यांनी काकांच्या नजरेच्या रोखाने पाहिलं आणि हवा सोडली.

"ही कधी उघडली?"

"असू द्या हो. भिंतीवरच तर आहे, कोण बघतंय."

"आणून का नाही दिलीत?"

नर्सबाईंनी पट्ट्याची गुंडाळी केली, डबीत ठेवली, डबी बंद केली. "आणली असती तर तुम्ही दुकान बंद केलं असतं," त्या म्हणाल्या.

काका उठून भिंतीजवळ गेले. खिशातला गुण्या काढायची गरजच नव्हती. चारही कोपरे सारखे, चारही आतल्या बाजूने. हात चुकला असता तर एखादा कोपरा आतून उघडला असता, एखादा बाहेरून. चारही एकसारखे म्हणजे लाकूड वाळून आकसलं. ओली पट्टी कापून पाठवली होती त्या मधाळ माणसाने. म्हणून ती जड होती, म्हणूनच कापही लोण्यासारखा आला होता. पंधरा दिवस भिंतीला टेकवून ठेवली असती तर दुकानातच सगळं उघडं पडलं असतं. इतक्या वर्षांत एकदाही मोडला नव्हता तो नियम आपण नेमका कधी मोडला, हे काकांना आठवलं आणि ते स्वतःवरच भयंकर चिडले.

"लाकूड ओलं होतं," ते म्हणाले. "हाताचा काही संबंध नाही यात."

"हो हो, बरोबर आहे," नर्सबाई म्हणाल्या. जन्मभर पेशंटना ज्या आवाजात सांगत आल्या होत्या, त्याच आवाजात.

तिथे काकांना कळून चुकलं की हे आता कुणालाच पटणार नाही. ओल्या लाकडाचं गणित ज्याला समजेल असा माणूस त्या गल्लीत एकच होता आणि त्याचाच हात थरथरत होता.

तसं पाहिलं तर फ्रेम परत आलेली नव्हतीच. नर्सबाईंनी ती आणली नव्हती, आणणारही नव्हत्या. काका नुसतं "येतो" म्हणून निघाले असते तर उद्या दुकान उघडता आलं असतं, आणि कुणी ब्र काढला नसता. दारापर्यंत ते गेलेही. मग मागे वळले आणि दोन्ही हातांनी तसबीर खाली उतरवली. नर्सबाई दुखऱ्या गुडघ्याने उठायला लागल्या, नका हो, राहू द्या, मला चालतेय अशी, म्हणत राहिल्या. काकांनी त्यांना सांगितलं की पोपट नीट सोडवून, कापडाला धक्का न लावता आणून देईन. फ्रेम मात्र माझी आहे.

घरी पोचले तेव्हा काकू ओट्यापाशी होत्या. काकांनी तसबीर टेबलावर ठेवली. पाठमोऱ्या काकूंना ते म्हणाले, "एक फ्रेम परत आली."

काकूंनी नळ बंद केला. हात पुसले, पण वळल्या नाहीत. "दातांच्या दवाखान्यातली का?" त्यांनी विचारलं. "तिथे तर मी मेण भरून आले होते."

मग काकू वळल्या, टेबलावरचा पोपट त्यांनी पाहिला आणि आपण काय बोलून बसलो ते त्यांच्या ध्यानात आलं. त्या समोरच्या खुर्चीत बसल्या.

"किती?" काकांनी विचारलं.

काकू बोटांवर मोजायला लागल्या. दवाखाना. शाळेचं ऑफिस. शिंप्याची बायको. कोपऱ्यावरचे मास्तर.

"लाकूड ओलं होतं गं," काका म्हणाले.

"हो ना," काकू म्हणाल्या, आणि एका हाताची बोटं संपल्यावर त्यांनी दुसरा हात पुढे घेतला.