हात बाकावर

बाई येण्याआधी आमच्या सातवीच्या वर्गावर जे गुरुजी होते, त्यांच्या मनाचा काही नेम नसायचा. एखाद्या दिवशी वर्गात भांडणं, आरडाओरडा, काहीही चाललं तरी ते खिडकीशी बसून सुपारी कातरत हसायचे. दुसऱ्या दिवशी घरी काही बिनसलेलं असलं की नुसती पेन्सिल खाली पडली तरी पेरांवर पट्टी बसायची. सकाळी त्यांचा चेहरा बघून आम्ही पोरी आजचा दिवस कसा जाणार याचा अंदाज बांधायचो. भीती पुष्कळ होती, शिस्त मात्र नावालाही नव्हती.

दिवाळीनंतर बाई आल्या. अंगानं किडकिडीत, आवाज एवढासा. या काय आपल्याला आवरणार, असं आम्ही एकमेकींना डोळ्यांनीच सांगून टाकलं. बाईंनी पहिल्या दिवशी एकच नियम सांगितला. शिकवणं चालू असताना दोन्ही हात बाकावर. हात खाली गेला की वर्गाबाहेर, व्हरांड्यात उभं राहायचं. तास संपला की आत यायचं आणि त्या गोष्टीचा पुन्हा उच्चार करायचा नाही, त्यांनीही आणि आम्हीही.

हा नियम त्यांनी उगाच केलेला नव्हता. आमची शाळा सोलापूरच्या पूर्वेकडच्या पेठेत, विणकरांच्या वस्तीत. तिथं पुरुष मागावर आणि बायका विड्या वळायला, असं घरोघरी चालायचं. वळून झालेल्या विड्यांची तोंडं दुमडायचं काम पोरींकडे असायचं. ते घरी उरकलं नाही की पोरी विड्या फडक्यात बांधून शाळेत आणायच्या आणि बाकाखाली दुमडत बसायच्या. फळ्याकडे कुणाचंच लक्ष नसायचं. माझे वडील मंद्रूपहून गिरणीत आलेले, आमच्याकडे विड्या नव्हत्या, तरी चिंचा आणि सागरगोटे मी बाकाखालीच सांभाळायचे.

बाई कधी ओरडल्या नाहीत की त्यांनी कुणावर हात उगारला नाही. पण नियम म्हणजे नियम. मोठ्या बाईंची भाची एकदा बोरं खाताना सापडली, तेव्हा आता बाई काय करतात, तेच सगळा वर्ग बघत होता. तिलाही बाहेर जावं लागलं. मला त्या दिवशी इतका आनंद झाला की घरी येऊन मी आईला सगळं रंगवून सांगितलं. आई भाकरी थापता थापता म्हणाली, बाई कडक हाय ते बरंच हाय की. पुढे मीही शिक्षिका झाले. शिस्तीवर साहेबलोकांची भाषणं ऐकून कान किटले. पण आजही मला वाटतं की त्या बाईंची रीतच खरी होती. म्हणूनच पुढचं सांगताना मला कुणावर धड रागावताही येत नाही.

माझ्या शेजारी एका विणकराची मुलगी बसायची. घरी तेलुगू, शाळेत मराठी, आणि गणितात आम्हा सगळ्यांच्या पुढे. तिनं फडकं आणणं पहिल्या दिवसापासून बंद केलं. हात बाकावर ठेव म्हटलं की ठेवायची. पण तिची बोटं थांबत नसत. डोळे फळ्यावर असायचे आणि बाकावर बोटं आपली विडी वळत असायची. पान नाही, तंबाखू नाही. अंगठा आणि दोन बोटं गुंडाळायची, तोंड दुमडायची, बाजूला ठेवायची आणि पुढची घ्यायची. लहानपणापासून पान-तंबाखूचं सूप मांडीवर घेऊन बसलेली पोर ती. झोपेतसुद्धा बोटं चालतात म्हणून तिची बहीण तिला चिडवायची. तिला स्वतःला पत्ताच नसायचा.

बाईंना आधी वाटलं, ही नक्कल करते आहे. हात स्थिर ठेव, म्हणाल्या. तिनं ठेवले. फळ्यावर पुढची ओळ लिहून होईतो बोटं पुन्हा सुरू. बाईंनी तिला बाहेर पाठवलं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मधल्या सुट्टीत मी धीर करून बाईंकडे गेले आणि म्हटलं, ती मुद्दाम करत नाही, तिची बोटंच तशी आहेत.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मला कळतं गं. पण आज तिला सोडलं, तर उद्या बाकीच्यांना कोणत्या तोंडानं बाहेर काढू? सुटेल तिची सवय. थोडे दिवस जाऊ देत."

बाईंचा तिच्यावर फार जीव होता. शाळा सुटल्यावर तिला थांबवून त्या वरच्या वर्गाची गणितं शिकवायच्या. तिच्या आईनं सातवीपर्यंत पाठवते एवढंच कबूल केलं होतं. बाईंच्या मनात तिला हायस्कुलात घालायचं होतं आणि तिनंही तेच मनाशी धरलं होतं. ती तळहात बाकावर इतके दाबून धरायची की नखं पांढरी पडायची. तरी बोटं निसटायचीच. मग मुकाट्यानं उठायची आणि व्हरांड्यात फळा दिसेल अशा बेतानं उभी राहायची. एकदा कुणालाच येईना ते उत्तर तिनं बाहेरूनच दिलं. बाईंना हसू आवरेना, पण तास संपेपर्यंत त्यांनी तिला आत काही घेतलं नाही.

विडीच्या कारखान्याची वाट शाळेवरून जायची. तिची अम्मा वळलेल्या विड्या पोचवायला रोज त्याच वाटेनं जाई. तिनं लेकीला व्हरांड्यात उभं राहिलेलं पाहिलं, दुसऱ्या दिवशी पाहिलं, आणखी एका दिवशी पाहिलं. मग एका दुपारी ती फाटकातून आत आली आणि पोरीचं मनगट धरून घेऊन गेली. बाई तेव्हा फळ्यावर लिहीत होत्या. घंटा झाली, बाई तिला आत बोलावायला दाराशी आल्या, तर व्हरांड्यात कुणीच नव्हतं.

ती येईल म्हणून बाईंनी काही दिवस वाट पाहिली. मग एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर त्यांनी मला घर दाखवायला सोबत घेतलं. पुढच्या खोलीत माग चालू होता. मागच्या अंगणात अम्मा आणि दोन्ही मुली सुपं घेऊन बसल्या होत्या. अम्मानं चटई टाकली, चहाचं आधण ठेवायला सांगितलं. बाईंनी चहा नको म्हटलं आणि सरळ विषयाला हात घातला. सोमवारपासून पाठवा, मी तिला पुन्हा बाहेर उभी करणार नाही, बोटांचं माझं मी बघून घेईन, असं त्या बोलून गेल्या. नियम मोडायला तयार झालेल्या बाई मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिल्या.

अम्मा रागावली नाही. विडीचं पान कातरता कातरता म्हणाली, "बाई, तुमी चांगल्या हाय. पन पोरगी भायेरच हुबी ऱ्हायली की. भायेर हुबी ऱ्हान्यापरास हितं बसून वळंल."

बाई पुन्हा पुन्हा समजावत राहिल्या. ती हुशार आहे, नुसती सातवी तरी पुरी होऊ दे, म्हणाल्या. अम्मा मान हलवायची आणि पुढचं पान घ्यायची. माझं लक्ष मात्र मैत्रिणीकडे होतं. बाई अंगणात आल्या त्याच क्षणी तिनं हातातली विडी टाकली होती आणि दोन्ही तळहात सुपाच्या काठावर उपडे ठेवले होते. बोटं अगदी गप्प होती. वर्गात जे तिला इतके दिवस जमलं नव्हतं ते आता जमलं होतं. आपल्याला आता शाळेत घेतील असंच तिला वाटत असावं. ती बाईंकडे अशी बघत होती की मला तिथून पळून जावंसं वाटलं.

अम्मा तेलुगूत तिला काम कर म्हणाली. ती हलली नाही. अम्मानं आवाज चढवला, खांद्यावर चापट मारली, तरी तिनं हात उचलले नाहीत. शेवटी अम्मा बाईंकडे वळली. "तुमीच सांगा की तिला. माझं ऐकत न्हाई ती."

बाईंनी सुपाच्या काठावरच्या त्या हातांकडे पाहिलं. मग त्या उठून तिच्याजवळ गेल्या, खाली बसल्या आणि वर्गात सांगायच्या त्याच हळू आवाजात म्हणाल्या, "घे बाळ, पान घे. हात चालव."

तिनं बाईंकडे एकदा नीट पाहिलं, हे खरंच सांगतायत ना, म्हणून. मग मान खाली घातली आणि सुपातलं पान उचललं. बाईंचं सांगणं तिनं तेव्हाही मोडलं नाही.